त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरातली झाडं ओळखायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून सुट्टीच्या दिवशी अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर या बाजूला फिरणं होतं. पानाचा फोटो काढून मोबाइलच्या ॲपला दाखवला, तर एकाच झाडाचं चढताना एक नाव येतं आणि उतरताना दुसरं. पुढच्या पावसाळ्यात गावच्या पडीक जमिनीत देशी झाडं लावायची आहेत. तर झाडं खात्रीने ओळखायला सुरुवात कुठून करावी?

सुरुवात फांदीपासून करा. सुटं पान तळहातावर ठेवून काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण पानाचा आकार ही झाडाची सगळ्यांत बेभरवशाची खूण आहे. एकाच झाडावर उन्हातलं पान लहान आणि जाड असतं, सावलीतलं मोठं आणि पातळ. तोडलेल्या बुंध्यातून आलेल्या फुटव्याची पानं तर वेगळ्याच झाडाची वाटावीत इतकी मोठी होतात. पान फांदीला कुठे आणि कसं लागलंय हे मात्र सहसा बदलत नाही. म्हणून हातभर लांबीची, निरोगी, उन्हातली एक फांदी समोर धरायची आणि पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघायच्या.

पहिली गोष्ट, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. दुसरी, पान साधं आहे की संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक पर्णिका असलेलं. इथे बहुतेक जण फसतात, कारण संयुक्त पानाची एकेक पर्णिका पूर्ण पानासारखीच दिसते. देठ फांदीला जिथे मिळतो त्या बेचक्यात डोळा, म्हणजे नव्या फुटीची बारीक कळी, शोधा. खऱ्या पानाच्या बगलेत डोळा असतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. करंजाची फांदी हातात घेतली की हे एका मिनिटात कळतं: पाच किंवा सात पर्णिकांच्या मुळाशी काही नाही आणि मुख्य देठाच्या मुळाशी डोळा आहे. आवळा उलट्या बाजूने फसवतो. त्याची बारीक पानं पिसासारखी मांडलेली असतात, पण ते संयुक्त पान नाही, ती पानं लागलेली कोवळी काडी आहे.

तिसरी गोष्ट उपपर्णं. समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध फांदीवर छोटं पातळ पातं दिसलं, तर झाड बहुधा कॉफीच्या कुळातलं. गेळा, हेदू, कळम, बारतोंडी ही सगळी त्यातली. फांदीच्या शेंड्याला टोकदार, गुंडाळलेली कळी आणि प्रत्येक पानाच्या मुळाशी फांदीभोवती अंगठीसारखं वळ असेल, तर ते वड-पिंपळाच्या घराण्यातलं. चौथी गोष्ट चीक आणि पाचवी पानाची खालची बाजू. खालच्या बाजूसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते डोळ्याला टेकवून पान त्याच्याजवळ आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर ते स्पष्ट दिसतं. भिंग पानावर धरून लांबून बघितलं तर काहीच दिसत नाही आणि लोक भिंगाला दोष देतात. धायटीच्या पानाखालचे काळे ठिपके, मुरुडशेंगेच्या पानावरची चांदणीसारखी फुटलेली लव, जांभळाच्या किंवा बेलाच्या पानातून उजेडाकडे बघताना दिसणारे बारीक पारदर्शक ठिपके, हे एकदा भिंगातून बघितलं की ती झाडं पुन्हा चुकत नाहीत.

फांदी निवडताना तीन सापळे लक्षात ठेवा. बुंध्याजवळचा फुटवा घेऊ नका. आंब्यावर, मोहावर बांडगूळ असतं, त्याची जाड पानं बघून लोक आंब्याला नवीनच नाव देऊन मोकळे होतात, म्हणून फांदीचा माग खोडापर्यंत काढा. आणि झाडावर चढलेल्या वेली. उक्षी ही झुडूप-वेल फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवट पिवळ्या फुलांनी दुसऱ्याच्या माथ्यावर अशी पसरते, की खालच्या ऐनाला फुलं आली आहेत असं वाटावं. तिची पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी पंखवाली फळं वाळून रस्त्यावर पडतात, त्यावरून तिची खात्री करता येते.

आता चीक बघण्याआधी एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्या. देठ मोडून चीक बघायची सवय चांगली आहे, पण बिब्ब्याचा देठ मोडायचा नाही. आपल्या डोंगरात मोठी पानं फांदीच्या टोकाला झुपक्याने येणारी चार झाडं नेहमी गोंधळात टाकतात: मोह, बेहडा, कुंभा आणि बिब्बा. त्यामुळे झुपकेदार मोठी पानं दिसली, की हात लावण्याआधी नजरेने बिब्बा बाजूला काढा. बिब्ब्याचं पान चारांत सहसा सगळ्यांत मोठं, वीतभर ते दीड-दोन वीत, देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद गोल, चामड्यासारखं जाड असतं. खालची बाजू राखाडी-पांढरट, आणि शिरांची जाळी त्यावर उठून दिसते. खोडावर जिथे जखम झाली असेल तिथे काळे ओघळ वाळलेले असतात. हिवाळ्यात फळं असतील तर प्रश्नच नाही: खाली काळा बिब्बा आणि त्याच्या डोक्यावर नारिंगी गर. याचा रस हवेत काळा पडतो आणि कातडीवर फोड आणतो. त्रास कित्येकदा लगेच न होता दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणून लोकांना कारण उमगत नाही. रस लागला तर न चोळता भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, त्या हाताने चेहरा, डोळे पुसू नका, फोड आले तर डॉक्टरकडे जा. पावसात या झाडाखाली थांबणंही टाळलेलं बरं.

बिब्बा नाही अशी खात्री झाली, की उरलेले तीन सोपे आहेत. कुंभ्याच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात आणि देठ अगदी आखूड, जवळजवळ नसल्यासारखा. थंडीच्या शेवटी त्याची जुनी पानं तांबडी होऊन गळतात. बेहड्याचा देठ लांब, बोटाएवढा, कड साधी, आणि मोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. मोहाचा कोवळा देठ मोडला की पांढरा चीक येतो. मार्च-एप्रिलमध्ये चीक कमी असतो, तेव्हा जून देठाऐवजी शेंड्याकडचा देठ बघा. त्या दिवसांत मोहाखाली पहाटे पडलेली पिवळट, रसाळ, मण्यांसारखी फुलं असतातच. बेहड्याचं फळ राखी रंगाचं, मखमली, गोलसर, आणि ते झाडाखाली कित्येक महिने मिळतं.

बेहडा ज्या घराण्यातला, त्याच टर्मिनॅलिया वंशात ऐन, अर्जुन आणि हिरडाही येतात, आणि ॲप सगळ्यांत जास्त इथे चुकतं. वंश बहुतेक वेळा बरोबर येतो, जात मात्र चुकते, आणि चुकून जे नाव येतं ते अनेकदा अर्जुनाचं असतं. या वंशाची खूण म्हणजे पानाच्या मुळाशी असलेल्या मोहरीएवढ्या गाठी. हिरड्यात त्या देठाच्या वरच्या टोकाशी असतात. ऐनात पान उलटं केलं की मध्यशिरेच्या मुळाशी एक किंवा दोन चामखिळीसारख्या दिसतात. पण प्रत्येक पानावर त्या असतीलच असं नाही, म्हणून पाच-सहा पानं तपासा, एका पानावर निकाल देऊ नका. ऐन आणि अर्जुन यांच्यात पानावरून भांडत बसण्यात अर्थ नाही, खोड बघा. ऐनाची साल काळपट, खोल भेगांनी चौकोनी तुकडे पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची गुळगुळीत, पांढरट, त्यात हिरवट-गुलाबी छटा, आणि पातळ पापुद्रे सुटणारी. अर्जुन ओढ्या-नदीच्या काठाने असतो, ऐन डोंगरउतारावर. दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. ऐनाचे रुंद आणि कागदी, अर्जुनाचे अरुंद, कडक आणि जरा वर वळलेले. हिरड्याच्या फळाला पंख नसतात, वाळल्यावर पाच धारा उमटतात.

मगरपाठी साल दिसली म्हणजे ऐनच, असंही धरू नका. चारोळीच्या झाडाची साल अगदी तशीच असते आणि टेंभुर्णीची तर कोळशाच्या तुकड्यांनी मढवल्यासारखी. अशा वेळी पुन्हा फांदीकडे यायचं. ऐनाची पानं समोरासमोर किंवा किंचित खालीवर. चारोळीची स्पष्ट एकाआड एक, टोक बोथट किंवा मध्ये किंचित खाचलेलं, आणि बाजूच्या शिरा सरळ, एकमेकींना समांतर. टेंभुर्णीचं कोवळं पान लवेने मऊ लागतं. तिची पानं समोरासमोरही सापडतात आणि एकाआड एकही, त्यामुळे तिथे मांडणीपेक्षा साल आणि लव यांवर भर द्या. फळ पडलं असेल तर टेंभुर्णीच्या फळाला टोपीसारखी चिकटलेली संदलं बघा, टोमॅटोला किंवा वांग्याला असतात तशी.

कुड्याचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण औषधासाठी साल गोळा करताना यात नेहमी भेसळ होते. डोंगरात कुडा म्हणून तीन झाडं दाखवली जातात. तिन्ही समोरासमोर पानांची, तिन्हींना पांढरा चीक, तिन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. पांढरा कुडा, म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स, हाच आयुर्वेदातला कुटज, आणि इंद्रजव त्याचंच बी. त्याचं पान तिघांत रुंद आणि मोठं, फुलाच्या घशात झालर नाही, आणि जोडीतल्या दोन शेंगा सुरुवातीपासून एकमेकींपासून सुट्या, बारीक आणि लांब. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. याचं पान लहान, फुलाच्या मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर, आणि शेंगांच्या जोडीची टोकं पिकेपर्यंत एकमेकींना चिकटलेली. त्यामुळे झाडावर लांबट कडी टांगल्यासारखी दिसते. तिसरा तांबडा कुडा, राइटिया आर्बोरिया. याचं पान दोन्ही बाजूंनी मखमलीसारखं, आणि दोन शेंगा पूर्ण लांबीभर जुळून एकच जाड, खरबरीत, मधे खाच असलेली शेंग झाल्यासारखी. फुलं-शेंगा नसतील तेव्हा पानाची लव तांबड्याला वेगळा काढते. पांढरा आणि काळा यांत मात्र वाळकी शेंग शोधण्याखेरीज भरवशाचा मार्ग नाही. ती बहुतेक वर्षभर फांदीवर किंवा खाली मिळते. या झाडाचा घराच्या कुडाशी संबंध जोडू नका, तो कुड कारवीच्या काठ्यांचा असतो.

कारवीचा उल्लेख आलाच आहे, तर तीही सांगून टाकतो. ब्रह्मगिरीच्या किंवा अंजनेरीच्या उतारावर पुरुषभर उंचीची, दाट, एकसारख्या काठ्यांची झाडी दिसली तर बहुधा कारवीच. पानं समोरासमोर, कडेला दाते, स्पर्श खरखरीत, पेरं फुगीर आणि जुनी काठी बारीक पुळ्या आल्यासारखी खडबडीत. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते, म्हणून फुलांची वाट बघत ओळख पुढे ढकलू नका.

हृदयाच्या आकाराचं पान हा आणखी एक नेहमीचा घोळ. असं पान दिसलं की पिंपळ म्हणायची घाई होते. कड्याच्या भेगेत, किल्ल्याच्या तटात उगवलेला तो पुष्कळदा पायर असतो. पिंपळासारखंच एकाआड एक पान, पांढरा चीक, पण टोकाची लांब शेपटी पिंपळाएवढी नाही, आणि नवी पालवी सुंदर तांबूस. पानं समोरासमोर असतील तर पिंपळ-पायर दोन्ही बाद. मग दोन देठांमध्ये उपपर्ण बघा. ते असेल तर हेदू, ज्याला हळदू असंही म्हणतात: देठ लांब, पान मऊ, मुळाशी खोल खाच, पावसाळ्यात पिवळट गोल चेंडूंसारखी फुलं. उपपर्ण नसेल आणि पानाच्या मुळाशी खालच्या बाजूला चकचकीत गाठी असतील, पान खालून फिकट असेल, तर शिवण. शिवणीला फेब्रुवारीच्या आसपास तपकिरी-पिवळी, वाकड्या तोंडाची फुलं येतात आणि ती झाडाखाली पडलेली सापडतात. हेदूचा भाऊ कळम. त्याचं पान गोलसर, मुळाशी फारशी खाच नाही, देठ आखूड. कळम, कळंब, कदंब ही नावं लोक एकमेकांत मिसळतात. बागेत आणि देवळांपाशी लावलेला, लिंबाएवढ्या नारिंगी चेंडूंचा कदंब वेगळा, त्याचं पान वीतभर लांब आणि मुळाशी हृदयाकार नाही.

काटेरी झुडपांत करवंद सगळ्यांना येतं असं वाटतं, पण फळं नसताना गेळ्याला करवंद म्हणणारे खूप. दोघांचीही पानं समोरासमोर, दोघांनाही मजबूत काटे. करवंदाचं पान तोडलं की दूध येतं, आणि काटा पुष्कळदा पुढे दुभंगलेला असतो. गेळ्याला चीक नाही, काटा सरळ, एकटा, दोन-तीन सेंटिमीटर, आणि पानं आखूड फांद्यांवर झुबक्याने. तिसरा हेकळ. त्याची पानं एकाआड एक, आणि काट्यावरच पानं-फुलं लागलेली दिसतात, कारण तो काटा म्हणजे टोकदार झालेली फांदीच. बोरीच्या वर्गाला एकच खूण पुरे: पानाच्या मुळापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. खालची बाजू पांढरी लोकरी असेल तर बोर. पान मोठं, झुडूप दुसऱ्यावर चढलेलं, आकडीसारखा काटा आणि एप्रिल-मेमध्ये पांढरी फळं असतील तर तोरण.

लांबून ओळखायची सवय लावायची असेल तर फेब्रुवारी-मार्चसारखा काळ नाही, पण लाल रंगाला एकच नाव देऊ नका. पेठ रस्त्याच्या सावळघाटात किंवा हरसूलकडे जाताना उतारावर लाल-केशरी ठिपके दिसतात, त्यांत निदान पाच वेगळी झाडं असतात. केशरी, वाकड्या चोचीच्या फुलांनी भरलेला, बुटका आणि वेडावाकडा तो पळस. उंच, सरळ खोडाचा, फांद्या आडव्या मजल्या-मजल्याने निघालेल्या आणि वाटीएवढ्या लाल फुलांची ती काटेसावर. फांद्यांच्या टोकाला शेंदरी तुरे आणि सालीवर बारीक काटे, तो पांगारा. लाल रंग सगळ्या झाडावर सारखा पसरलेला, जवळ गेल्यावर फुलं नसून कोवळी पालवी निघाली, तर कोशिंब. आणि मोठी, एकेकटी तांबडी पानं असतील तर तो पान गाळणारा कुंभा. कमरेएवढ्या झुडपाच्या काड्यांना ओळीने लाल नळ्या असतील तर धायटी. पानं आल्यावर पळस आणि पांगारा दोघेही तीन पानांचे. तेव्हा पळसाची शेंग बघा, तिच्यात टोकाशी एकच बी असतं. कोवळ्या फांदीवर काटे असतील तर पळस नक्की नाही.

कुठे काय अपेक्षित आहे हे माहीत असलं की निम्मं काम होतं. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या नाशिक शहरात ७०० च्या आसपास. पूर्वेला येवला-नांदगावकडे तो आणखी कमी. त्यामुळे जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा, करवंद ही इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातली झाडी, आणि चांदवडच्या सातमाळ डोंगरांत सालई, धावडा, खैर, हिवर. साग, ऐन, मोह, बेहडा ही सुरगाणा-पेठची मधली पानगळी झाडी. चांदवडच्या उघड्या उतारावर ॲपने अंजनी सांगितली, तर ॲपवर नव्हे, पावसावर विश्वास ठेवा. अंजनी आणि जांभूळ दोघेही समोरासमोर, जाड, चकचकीत पानांचे, त्यांतला फरक असा: जांभळाच्या पानात कडेला समांतर जाणारी शीर दिसते आणि चुरगळल्यावर वास येतो, अंजनीच्या पानात बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत आणि निळी-जांभळी फुलं जुन्या फांदीलाच चिकटून येतात.

स्थानिक माणसाला विचारा, जरूर विचारा. ठाकर, महादेव कोळी, कोकणा, वारली समाजातल्या जाणत्या माणसांना पान न बघता नुसत्या सालीवरून, लाकडाच्या वासावरून झाड कळतं. पण नाव विचारून थांबू नका, “ह्याचं काय करता?” हेही विचारा. उपयोग सहसा एकाच झाडाचा असतो, नाव मात्र गावागणिक फिरतं. डांगाकडे ऐनालाच सादड किंवा सादडा म्हणतात, आणि पुस्तकांत सादडा म्हणजे अर्जुन. शिरस या नावाखाली शिरीषाच्या वंशातली तीन-चार झाडं येतात. म्हणून वहीत गावाचं नाव, तिथलं स्थानिक नाव आणि उपयोग असं तिन्ही एकत्र लिहा, वनस्पतिशास्त्रीय नाव पक्कं झाल्यावरच त्यापुढे जोडा.

नोंद ठेवताना प्रत्येक झाडाचे सहा फोटो पुरतात, पण सहाही हवेत: लांबून पूर्ण झाड, छातीच्या उंचीवरची साल, पानं कशी लागली आहेत ते दाखवणारी फांदी, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि फूल किंवा फळ. मापासाठी शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. घेर मोजायचा असेल तर जमिनीपासून १.३७ मीटरवर, उतारावर असाल तर वरच्या बाजूने. तारीख, उंची, उताराचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि जवळ ओढा आहे का, हे लिहा. मग तेच झाड वर्षातून चार वेळा बघा: फेब्रुवारीच्या शेवटी, मेच्या मध्यावर नवी पालवी असताना, ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतर. एकदा बघितलेल्या शंभर झाडांपेक्षा चार वेळा बघितलेली पंधरा झाडं जास्त शिकवतात. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथे फांदी तोडू नका, वाकवून फोटो काढा. खाली पडलेली पानं घेताना ती शेजारच्या झाडाची नाहीत ना, हे वर बघून तपासा. फारच अडलं तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या कार्यालयात वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

निवडुंग आणि शेर यांच्या बाबतीत चीक बघायचा मोह आवरा, तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

आता लागवडीचं. डोंगरात हिरवं दिसतं ते सगळं इथलं नाही. गिरिपुष्प, सुबाभूळ, काशीद, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गुलमोहर, रेन ट्री ही बाहेरून आणलेली, आणि रस्त्याकडेला नि जुन्या लागवडींत तीच जास्त दिसतात. घाणेरी आणि सीताफळही मूळची अमेरिकेकडची, कितीही रुळली असली तरी. रोपवाटिकेत सगळ्यांत जास्त घोळ दोन ठिकाणी होतो. बहावा म्हणून काशीद मिळतो: दोन्हींची पानं पिसासारखी आणि फुलं पिवळी, पण बहाव्याच्या पर्णिका चार ते आठ जोड्या, मोठ्या, तळहाताएवढ्या लांब, आणि काशीदाच्या बऱ्याच जास्त जोड्या, लहान, टोकाला बोथट. दुसरा घोळ आपट्याचा. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून जी मोठी जोडपानं विकली जातात, ती पुष्कळदा कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, साधारण दोन ते पाच सेंटिमीटर लांब आणि लांबीपेक्षा रुंदीला किंचित जास्त. कांचनाचं त्याच्या दुपटीहून मोठं. रोप लहान असताना पहिली दोन-तीन पानं फसवतात, म्हणून निदान गुडघ्याएवढं, आठ-दहा पानं आलेलं रोपच ओळखायला घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे तुमच्या जमिनीपासून पाच-दहा किलोमीटरच्या आतल्या, तुम्ही स्वतः चार ऋतूंत ओळखलेल्या झाडाखालचं बी गोळा करा. ऐन आणि हेदूचं बी उन्हाळ्यात तयार असतं, बहाव्याच्या शेंगाही तेव्हाच. जांभळाचं बी पावसाच्या तोंडावर मिळतं आणि ते साठवून टिकत नाही, गर धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत लावावं लागतं. प्रत्येक पिशवीला बी कोणत्या झाडाखालून आणलं त्याचा क्रमांक बांधा आणि तोच क्रमांक वहीतल्या सहा फोटोंना द्या. दोन वर्षांनी पान वेगळं दिसून शंका आली, तर जाऊन आई-झाड बघता येईल.